ब्रेकबाईचा पाय

गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाचा एक पाय कधी स्वस्थ बसत नाही. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण चालवतोय. खरं तर ती शेजारी बसलेल्याच्या उजव्या पायाच्या मेहेरबानीवर चाललेली असते. आपल्या बाईंनी असा पाय वीसेक वर्षं वापरला होता आणि अर्ध्या गावाला लायसन मिळवून दिलं होतं. गावात त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि बाईही ओ देत.

पण पायाला कुठे कळतं, आपण गाडीत आहोत की घरात! नवरा गरम चहाचे कप घेऊन जरा भरभर आला, की बाईंचा उजवा पाय फरशीवर दाबला गेलाच. सिनेमात कोणी पळत सुटला, की पुढच्या खुर्चीला लाथ. लेकीने गेल्या वर्षी लायसन काढलं आणि पहिल्यांदाच आईला शेजारी बसवून निघाली, तर प्रत्येक चौकात बाईंचा पाय खाली आणि तोंडाने "अगं, अगं, अगं!" शेवटी लेकीने गाडी कडेला लावली, किल्ली काढून आईच्या मांडीवर ठेवली आणि पायी घरी गेली. "तू गाडीत असलीस तर मी स्टिअरिंगला हात लावणार नाही," असं तिने जाहीर केलं, आणि तिने ते पाळलंही. पोरगी शेवटी कोणाची!

बाईंना याचं वाईट वाटे. पण त्या वाईट वाटण्यावर त्यांच्याकडे एक औषध होतं, आणि ते दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत मिळत असे.

तिथे गावातल्या हौशी मंडळींचा एक गायकवृंद जमायचा. गायचे काय, तर बरोक. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचं, चार आवाजांचं, आमच्यासारख्याला ऐकताना घाम फोडणारं गाणं. नर्स, पोस्टमन, बेकरीवाला, दोन पेन्शनर भाऊ, असा सगळा गोतावळा. आणि त्यांना हाकणारे होते दातांचे डॉक्टर. या माणसाने जन्मभर उघडी तोंडं पाहिली, पण सगळी गप्प बसलेली. गुरुवारी ती सगळी भरपाई व्हायची.

डॉक्टर हे बाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांच्यासारखा अडाणी विद्यार्थी बाईंना परत मिळाला नाही. चौथ्या परीक्षेत ते कसेबसे पास झाले, आणि पेढे नाहीत की काही नाही, "गुरुवारी गायला या" एवढंच म्हणाले. वर हसून म्हणाले, "गाडीत तुम्ही मला ओरडलात, तिथे मी तुम्हाला ओरडीन."

बाई गेल्या, आल्टोंच्या, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजाच्या ओळीत उभ्या राहिल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी ढसाढसा रडल्या. चार आवाज चार वाटांनी निघत होते. एकाने चाल सुरू केली की दुसरा तीच चाल घेऊन त्याच्या मागे, मग तिसरा, मग चौथा. सगळे एकमेकांच्या आडवे-तिडवे, सिग्नल नाही, पोलीस नाही, आणि टक्कर होत नव्हती! शिवाय गाडी दुसरंच कोणीतरी चालवत होतं. बाईंना फक्त बसून जायचं होतं. इतक्या वर्षांत असं सुख त्यांना कोणी दिलं नव्हतं.

आता अडचण सांगतो. हौशी गाणारे घाबरले की धावतात. आणि यांच्यात धावण्याचा मान टेनरमधल्या, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजाच्या ओळीतल्या, पोस्टमनकडे होता. पत्रं पोचवायला त्याला कधी घाई दिसली नाही, पण सुरात मात्र तो सगळ्यांच्या आधी दारात हजर. तो धावला की बाकीचे धावत, लय सुटे, आणि मग बाईंचा उजवा पाय खाली येई. ढप्प! व्यायामशाळेतला लाकडी चौथरा आतून पोकळ. सगळे जागच्या जागी थांबत, हसत, आणि पुन्हा पहिल्यापासून. कित्येक वर्षं असंच चाललं होतं.

या वर्षी मात्र गावातल्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला आणि डॉक्टरांच्या अंगात आलं. कार्यक्रमाचा शेवट एका आमेनने, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेवटच्या 'तथास्तु'ने होता. ते अख्खं गाणं म्हणजे तो एकच शब्द, चारी आवाजांनी उलटासुलटा, खालीवर, पळवून पळवून गायचा. आणि अगदी शेवटी, सगळं ऐन भरात असताना, सगळ्यांनी एकदम थांबायचं. चिडीचूप. एक श्वास. मग शेवटचे दोन संथ, रुंद सूर.

"त्या शांततेत टाचणी पडली तरी मला ऐकू येईल," डॉक्टर म्हणाले. मग बाईंकडे वळले. "आणि बाई, कार्यक्रमात एकदाही पाय वाजला ना, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही दारात उभ्या राहून तिकिटं फाडायची. थट्टा नाही करत मी."

सगळे हसले, बाईही हसल्या. घरी येऊन मात्र नवऱ्याजवळ म्हणाल्या, "माझ्याकडे तेवढा एकच गुरुवार आहे हो." नवरा शांत माणूस. त्याने चहाचा कप फार हळू खाली ठेवला.

मग पायाला वळण लावायचे प्रयोग सुरू झाले. शेजारी उभी राहणारी नर्स म्हणाली, "काळजी कशाला करतेस? पाय कसे बांधायचे ते मला विचार." तिने बँडेजपट्टीने बाईंचा उजवा घोटा आपल्या डाव्या घोट्याला बांधला. पोस्टमन धावला, बाईंनी ब्रेक मारला, आणि दोघी मिळून पुढच्या ओळीतल्या सोप्रानोंच्या, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायकांच्या अंगावर कोसळल्या. एकीचा चष्मा बेकरीवाल्याच्या खिशात सापडला. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते. ते हसत होते की रडत होते, ते कळलं नाही.

शेवटी बाईंनाच युक्ती सुचली. पाय जमिनीवर असला तर दाबला जाणार ना? मग तो जमिनीवर ठेवायचाच नाही! आमेन सुरू झालं की उजवा पाय मागे उचलून धरायचा आणि डाव्यावर उभं राहायचं. काळा घागरा पायघोळ, कोणाला काय दिसतंय! नर्सने कोपराला धरायचं कबूल केलं. बाईंनी घरी तालीम सुरू केली. भांडी घासताना एका पायावर, फोनवर बोलताना एका पायावर. लेक म्हणाली, "आई, तुला बरं वाटतंय ना?" आणि उत्तराची वाट न बघता गाडी काढून एकटीच निघून गेली.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. सभागृह भरलं होतं. नवरा आणि लेक दुसऱ्या रांगेत. पहिली गाणी नीट पार पडली, एक जण मध्येच शिंकला तेवढंच. मग डॉक्टरांनी हात उचलले, बाईंनी पाय उचलला, आणि आमेन सुरू झालं.

आधी बेस, म्हणजे पुरुषांतले खालचे आवाज निघाले, जड पावलांनी, ठरल्याप्रमाणे. मग टेनरांची पाळी. पोस्टमन अर्धा ठेका आधीच आत! आणि नुसता आत नाही, तर सुसाट. टेनर त्याच्या मागे, आल्टो टेनरांच्या मागे, सोप्रानो आल्टोंच्या मागे, बेसवाल्यांनी आपली जड पावलं गुंडाळली आणि तेही पळायला लागले. डॉक्टरांचे हात सुरुवातीला गाणं चालवत होते. थोड्या वेळाने ते गाण्याच्या मागे धावायला लागले.

असं आमेन त्या गावाने कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या ओळींतले डोळे हळूच बाईंकडे वळले. नर्सने कोपराला कचकन चिमटा काढला, त्याचा अर्थ "दाब!" आणि डॉक्टर? डॉक्टरांनीही बाईंकडे पाहिलं. ती नजर बाईंना ओळखीची होती. शिकवणीच्या दिवसांत एकदा उतारावर दुधाच्या ट्रकमागे गाडी सुटली होती, तेव्हा हेच डोळे असेच त्यांच्याकडे वळले होते.

पाय हवेत थरथरत होता. बाईंनी तो खाली आणला नाही. तिकिटांची भीती तर होतीच, पण तेवढीच नव्हती. त्या ऐकत होत्या. सगळे पळत होते हे खरं, पण सगळे बरोबर पळत होते! कोणी कोणाला धडकत नव्हतं. चाळीस माणसं, चार वाटा, हा वेग, आणि एक ओरखडा नाही. बाईंना आतून हसू फुटलं. पोटातून, गळ्यातून, थेट सुरात. त्यांनी आयुष्यात कधी गाडी अशी सोडली नव्हती. वेगात एवढी मजा असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी कोण, सगळ्यांना तर त्यांनीच शिकवलं होतं! नर्सने त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही हसायला लागली. हसता हसता दोघी गात होत्या, आणि सूर काही वाईट लागत नव्हता.

आणि मग समोर ती शांतता दिसायला लागली.

आता या वेगात एकदम थांबायचं होतं. पोस्टमन लाल सिग्नल तोडून सरळ पलीकडे जाणार, हे बाईंना स्वच्छ दिसलं. त्याच्या मागे सगळे टेनर जाणार. वर्षभराच्या मेहनतीची, डॉक्टरांची, सगळ्यांची फजिती होणार. आणि आपण पाय टेकला तर? तर पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. बाईंना हे सगळं पुरतं कळत होतं.

ढप्प!

सभागृहाचा लाकडी चौथरा हादरला. आणि इतकी वर्षं त्या आवाजाला थांबत आलेली चाळीस माणसं थांबली. एकदम. पोस्टमनसुद्धा, तोंड उघडं ठेवून. सभागृहात एवढी शांतता पसरली की वरच्या दिव्याची घूं ऐकू आली. डॉक्टरांनी तो एक श्वास चांगला मोठा होऊ दिला. मग शेवटचे दोन सूर आले, संथ आणि रुंद, आणि लोक टाळ्या वाजवत उभेच राहिले.

पडद्यामागे डॉक्टर घामाघूम होऊन बाईंसमोर आले. बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. "कुठे आहेत तिकिटं? आणा, आत्तापासून फाडायला घेते."

"आधी का नाही दाबलात?" डॉक्टर म्हणाले. "किती वेळ बघत होतो मी तुमच्याकडे!"

"चांगली चालली होती की तुमची गाडी."

"आणि मग शेवटी?"

"तिथे थांबायचं होतं ना, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "गुरुवारी वेळेवर या. आणि तो पाय घेऊन या." बाईंना भर गर्दीत रडू आलं, आणि त्यांनी ते खुशाल येऊ दिलं.

बाहेर अजून ऊन होतं. लेक गाडीला टेकून उभी होती.

"आई, तू एका पायावर उभी होतीस?"

"दिसलं का गं?"

"घागरा हलत होता. का पण?"

"दुसरा ब्रेकवर जाऊ नये म्हणून," बाई म्हणाल्या.

लेकीने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि पर्समधून किल्ली काढली. "बसा."

बाईंनी सवयीने पुढचं दार उघडलं. मग लावून टाकलं, नवऱ्याला तिकडे ढकललं, आणि स्वतः मागे जाऊन दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. गाडी निघाली. पहिल्या चौकात लेकीने आरशातून मागे पाहिलं. बाई डोळे मिटून आमेन गुणगुणत होत्या. दुसऱ्या चौकातही गुणगुणत होत्या. उतारावर लेकीने जरा वेग घेतला तेव्हा ओठांवर आलेलं "अगं" बाईंनी गिळलं आणि आवाज चढवला. वर्षभर घरात तीच चाल ऐकून कंटाळलेली लेक पुढून टेनरांचा भाग म्हणायला लागली, अर्धा ठेका आधी, अगदी त्या पोस्टमनसारखा. नवऱ्याने खिडकीची काच खाली केली, आणि शांत माणूस तो, पण हाताने दारावर ठेका धरला.

घराचं वळण आलं. लेक वळली नाही, सरळ पुढे निघाली. कुठे चाललो आहोत, हे बाईंनी विचारलं नाही.