ठेवून न घेतलेली बंदूक

काही वर्षांपूर्वी भर दुपारी नाशिकमधल्या माझ्या बंदुकीच्या दुकानात सायखेड्याची एक बाई आली. देवळात शिरावं तशा तिने चपला बाहेर काढल्या. बसा म्हटलं तरी उभीच राहिली. हातात मेलेल्या नवऱ्याची बंदूक, गोधडीत गुंडाळून सुतळीने बांधलेली.

“परवाना तुमच्या नावावर नाही. मला विकत घेता येणार नाही.”

“भाऊ, पैसं नको. नुसती ठिवून घ्या. दीर दारू पिऊन मागतोय.”

“आधी पोलिसांचा कागद आणा.”

तिने सुतळी पुन्हा आवळून बांधली आणि गेली. त्याच आठवड्यात दिराने तिला त्याच बंदुकीने ठार मारलं.

कायद्याने माझे हात बांधले होते, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. अशी बंदूक ठेवून घ्यायला कायद्याची मुभा होती. मला जेवायला घरी जायचं होतं.