हंबीररावांची चव बघायची पळी

किडनीचा धडा शिकवायचा असला की मी वर्गात पितळेची एक पळी घेऊन जाते. नर्सिंगच्या पोरी खुदुखुदु हसतात. हसू देत. पुस्तकात लिहिलेलं असतं, किडनी निकामी झालेल्या पेशंटने द्रवपदार्थ मोजून घ्यावेत. पोरी ते पाठ करतात आणि वॉर्डात जाऊन विचारतात, "पाणी किती पिता?" इथंच सगळी गडबड होते. मी स्वतः ती केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगते.

हंबीरराव कोडोलीचे आचारी. चाळीस वर्षं त्या भागात जावळ असो, जत्रा असो, मटणाचं जेवण त्यांच्याच हातचं. पाचशे माणसांचा तांबडा-पांढरा रस्सा हा माणूस निव्वळ अंदाजानं करायचा. माप म्हटलं की त्यांना हसू यायचं. "हाताला कळतंय की!" म्हणायचे. हाताला सगळं कळत होतं, वाढलेलं बीपी तेवढं कळलं नाही. गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरल्या, आणि किडन्या गेल्या. मग दर मंगळवारी आणि शनिवारी कोल्हापुरात डायलिसिस सुरू झालं. मी तेव्हा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, शिरोळची सौंदर्या, आणि त्यांचं वजन करून चार्ट भरायचं काम माझ्याकडे होतं.

त्यांचा एकच हट्ट होता. नातू राजवीर, त्याचं जावळ सहा आठवड्यांवर आलेलं, आणि त्या दिवशीचा रस्सा स्वतःच्या हाताने करायचा. पोरगं जन्मलं त्याच दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला तसं सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी अट घातली. दिवसाला सगळं मिळून एक लिटर, आणि जावळाआधी सलग तीन वेळा दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साचून वाढणारं वजन दोन किलोच्या आत राहिलं पाहिजे. नाहीतर त्या दिवशी चुलीजवळ जायचं नाही.

वजन मात्र दर खेपेला चार किलोंनी वाढलेलं! पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा.

"मामा, पाणी किती पिता?"

"एक बाटली, मोजून. ही बघ की!" ते लिटरची बाटली नाचवत सांगायचे. "घोट जास्त झाला आसंल तर कान धर माझा."

मी चार्टवर एक लिटर लिहायचे. एक दिवस सिस्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा चार्ट झोपेत लिहिलास का गं?" माझं डोकंच फिरलं. म्हातारा खोटं बोलतो आणि शिव्या मला! पुढच्या रविवारी मी मापाचं भांडं पिशवीत घातलं आणि कोडोलीची एसटी धरली.

हंबीररावांच्या अंगणात कुणाच्या तरी जत्रेचं जेवण शिजत होतं. तीन मोठी पातेली, आणि हंबीरराव खुर्ची टाकून मध्ये बसलेले. त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, कांदा चिरत होती. बाटली खरंच शेजारी होती, अर्धीसुद्धा संपलेली नव्हती. मी खजील झाले. तेवढ्यात त्यांनी पळीभर पांढरा रस्सा घेतला, फुंकला आणि गट्ट केला. थोड्या वेळाने तांबडा. मग परत पांढरा.

"मामा, हे काय?"

"चव बघतोय. आचाऱ्यानं चव बघायची न्हाय तर काय भजन करायचं?"

"आणि हे मोजलं कुठे?"

"ह्यात पाणी कुठं हाय? रस्सा हाय ह्यो!" त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी तसूभरही नव्हती. माणूस खरंच खोटं बोलत नव्हता. मला माझ्या रागाची लाज वाटली.

दुपारपर्यंत मी मोजत बसले. एकोणीस वेळा चव. पळी मापाच्या भांड्यात ओतून बघितली. आमच्या लिंगायताच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी तोंड फिरवून मटणाचा रस्सा ओतला, मग आकडा दिसेना, म्हणून नाक दाबून परत बघितलं. ऐंशी मिली. एकोणीस पळ्यांचे झाले दीड लिटर. वर चहा, ताक वेगळंच. शिवाय रस्सा खारट, म्हणजे तहान आणखी.

मी भांडं त्यांच्यासमोर धरलं आणि हिशोब सांगितला. हंबीररावांनी शेजारची बाटली उचलून भांड्याशी ताडून बघितली.

"आयला," ते म्हणाले. "म्हंजे मीच मला पाजतोय व्हय?"

"दिवसाला बारा पळ्या," मी सांगितलं. "चहा, ताक, आमटी, औषधाचं पाणी, सगळं त्यातच."

मिली त्यांच्या डोक्यात कधी शिरले नसते, पळी लगेच शिरली. चहा दोन पळ्या, गोळ्यांना एक, ताकाला रामराम. पुढच्या शनिवारी वजन अडीच किलो वाढलं होतं. मंगळवारी एक किलो नऊशे. नंतरच्या दोन्ही खेपांनाही काटा दोनच्या खालीच थांबला. शेवटच्या वेळी वजनकाट्यावरून उतरून त्यांनी मलाच सलाम ठोकला.

जावळाला मला बोलावणं होतं, माझ्यासाठी वेगळी आमटी होती. हंबीररावांनी स्वतः फोडणी दिली, स्वतः ढवळलं. रस्सा उकळला, त्यांनी पळी भरली, तोंडाजवळ नेली आणि थांबले. सगळं अंगण बघत होतं. मग त्यांनी ती पळी आक्काच्या पुढे धरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आक्काने फुंकर मारली, चव घेतली आणि बेधडक सांगितलं, "मीठ कमी हाय."

हंबीररावांना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता भडकणार. त्यांनी निमूट मुठीत मीठ घेतलं, पातेल्यात टाकलं आणि विचारलं, "आता?"

"आता झ्याक."

पाचशे माणसं बोटं चाटत उठली. तेव्हापासून चव आक्काच बघते, आणि हंबीरराव तिच्यावर खुर्चीतून ओरडतात.

मी निघाले तेव्हा त्यांनी पळी धुऊन पुसून माझ्या हातात ठेवली.

"मामा, तुमची आहे ही, मला कशाला?"

"घिऊन जा पोरी," ते म्हणाले. "घरात ऱ्हायली तर हात आपसूक तोंडाकडं जातोय. अजून राजवीरचं लगीन करायचं हाय मला."