एकदाच विचारलेलं नाव

माझे यजमान तोकुजी हिरासाका जपानात सेंदाईच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी तापलेली काच फुंकून उपकरणं घडवत. एकेचाळीस वर्षं फुंकून त्यांचे गाल सैल पडले होते. गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात शेजारी त्यांना ‘बेडूकराव’ म्हणत. ते गाल फुगवून दाखवत.

१९७८ साली तिथले प्राध्यापक एमोरी सर अमेरिकेत अकरा वर्षं राहून परतले. त्यांना एक संयुग शुद्ध करायचं होतं, पण हवा लागताच ते काळं पडे. यजमानांनी दुहेरी भिंतीची एक वाकडी नळी स्वतःच्या डोक्यानं रचली. छत्तीस तडकल्या. सदतिसावी टिकली आणि संयुग पांढरंशुभ्र उतरलं. रोजचा आकडा माझ्या रोजनिशीत आहे.

पुढच्या वर्षी, अकरा नोव्हेंबरला, सर घरी आले. मी चहा ओतत होते.

“हिरासाका-सान, शोधनिबंधात तुमचं नाव घालू ना?”

यजमानांनी चटईला कपाळ टेकलं. “छे, छे! माझ्यासारख्या फुंकणाऱ्याचं नाव कशाला, सर?”

“बरं,” म्हणून सरांनी कागद पिशवीत ठेवले.

आमच्याकडे शेजारणीनं मुळा दिला तरी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतात. एका विचारण्यावर हो म्हणणारा हावरा ठरतो. सर बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत यजमान दाराशी वाकून वाट बघत राहिले. सरांनी हवापाण्याबद्दल काहीतरी विचारलं आणि ते गेले.

“अहो, धावा ना मागे!”

“आणि काय सांगू? नाव घाला म्हणून? वेडी आहेस का!”

“ते अमेरिकेत राहिलेत. विसरले असतील.”

“इथेच जन्मलेत ना? आठवेल त्यांना.”

निबंध छापून आला. यजमानांनी तो मागून पुढे चाळला, मग पुढून मागे.

बावीस वर्षांनी सरांना युरोपातलं मोठं पारितोषिक मिळालं. स्टेशनवर त्यांचं चित्र लागलं, मिठाईवाल्यानं त्यांच्या नावाची बिस्किटं काढली. सत्काराचं बोलावणं आम्हालाही आलं. यजमान तेव्हा निवृत्त होते, छाती खराब झाली होती. तरी न्हाव्याकडे जाऊन आले.

“आज घेतील बघ नाव,” टाय बांधताना म्हणाले. “इतक्या लोकांसमोर घ्यायचं म्हणूनच ठेवलं असेल.”

आम्हाला मागून तिसरी रांग मिळाली. सर बोलताना गहिवरले. “एका कारागिराच्या नळीशिवाय हे झालं नसतं. निबंधात नाव घालू का, असं मी त्याला विचारलं, तो नको म्हणाला. इतका निःस्वार्थी माणूस मी पाहिला नाही. त्याच्या इच्छेचा मान ठेवून आजही मी त्याचं नाव घेणार नाही.”

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. यजमानही टाळ्या वाजवत होते.

शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, “अशी माणसं आता कुठली!”

“हो ना,” यजमान म्हणाले.

मी अर्धी उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. “बस खाली. एवढ्या लोकांत सरांना खोटं पाडतेस?”

मी बसले.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, यजमान गेले. सरांच्या आत्मचरित्रात त्यांच्यावर ‘तो निःस्वार्थी कारागीर’ म्हणून सहा ओळी आहेत. लोक त्या ओळी शाळेत वाचून दाखवतात.

त्या माणसाला नाव हवं होतं. फार हवं होतं.