फूल नाही, फळ नाही

सकाळी प्रशांतचा फोन आला. "मावशी, आई गेली... झोपेतच." विमल पगारे, तीस वर्षांपासूनची माझी मैत्रीण. तासाभरात मी इंदिरानगरला तिच्या घरी पोचले, तर दारातच तिची नणंद कुणाला तरी सांगत होती, "दिसत नव्हतं, तरी एकटी राहिली. त्या झाडांपायी हट्ट केला." डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं होतं, तरी खापर झाडांवर! त्या दिवशी मी गप्प बसले. दीड महिना झाला, आता नाही बसणार.

कळवणजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी शिकवायचो, शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. विमलने दारात शोभेचा अळू लावला होता, पान हत्तीच्या कानाएवढं. एका विद्यार्थ्याची आजी रोज थांबून बघायची. एकदा म्हणाली, "बाई, याला फूल नाय, फळ नाय, वडी बी होत नाय. मंग पाणी का घालता?" विमल म्हणाली, "आजी, तुमच्या घरी आरसा आहे ना? त्याला कुठं फळ लागतं?" आजी पदर तोंडाला लावून हसत सुटली. नंतर चहा पिताना विमल मला म्हणाली, "माझ्या आईच्या घरात एकूण एक वस्तू कामाची होती. नुसती बघायची म्हणून एकही नाही... मला बिनकामाचं काहीतरी हवंच होतं."

निवृत्तीनंतर तिने इंदिरानगरात तळमजल्यावर घर घेतलं, ते गॅलरीत ऊन कमी येतं म्हणून. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, मखमली पानांचा अलोकेशिया... सगळी दमट हवेची झाडं, आणि नाशिकचा एप्रिल म्हणजे पानांच्या कडा करपवणारा. ती ओली गोणपाटं टांगायची, कुंड्यांच्या मधे मधे पाण्याच्या पराती ठेवायची, एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. त्यातच काचबिंदूने तिची नजर गेली. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही.

प्रशांत तिला पुण्याला न्यायला आला, तेव्हा मी तिथेच होते. "आई, या कुंड्यांत पाय अडकून पडलीस तर?" तो कळवळून म्हणाला. ती म्हणाली, "या कुंड्या मला पाठ आहेत. तुझ्या घरातलं फर्निचर पाठ नाही." मग उठून ती गॅलरीत गेली आणि भिंतीच्या कडेकडेने पानांवरून हात फिरवत निघाली. एका पानाखाली तिची बोटं थांबली. "इथे कोळीकीड लागलीय. खरखरीत लागतंय. चष्मा लावून बघ." प्रशांतने पान उलटून उजेडात धरलं. बारीक जाळी होती. त्या पानाशेजारीच तो दोन दिवस खुर्ची टाकून बसत होता!  दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला.

त्यानंतर पाच उन्हाळे ती तिथेच राहिली. पडली का? पडली, एकदा, न्हाणीघरात. मनगटाला प्लास्टर घातलं. "प्रशांतला सांगितलंस तर आपली मैत्री संपली," म्हणाली. मी सांगितलं नाही. तो फोनवर विचारायचा, तर मी बेधडक "मजेत आहे" म्हणायचे. चूक असेल... पण मला त्याचा पस्तावा नाही. ते सहा आठवडे मी पाणी घालायचे आणि ती कुंडीतल्या मातीत बोट खुपसून मला रागवायची, "अगं, बुडवतेस की काय त्याला!"

ती गेल्यानंतरच्या जलदानविधीच्या कार्यक्रमात एक गृहस्थ भाषणात तिला "बिचारी" म्हणाले. मी जागेवरूनच म्हटलं, "बिचारी नव्हती. शब्द मागे घ्या." सगळे वळून बघायला लागले. बघू देत. त्यांनी शब्द मागे घेतला.

प्रशांतने घर अजून तसंच ठेवलंय, किल्ली माझ्याकडे आहे, झाडांना पाणी मीच घालते. दिवेलागणीला विमल गॅलरीतली ट्यूब लावायची. मी एकदा विचारलं होतं, "तुला काय उपयोग गं?" तर म्हणाली, "मला नाही. रस्त्याने घरी जाणाऱ्यांना पानं दिसू देत." आता ती मी लावते. परवा शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "रिकाम्या घरात दिवा कशाला लावता?"

मी म्हटलं, "रिकामं कुठे आहे? या, बघा." आणि फाटक उघडलं.