उलट्या जोडलेल्या दोन तारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या विलासला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात मी मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर एका बर्फ कारखान्यात वायरमन होतो. मोठ्या मोटरी कामापुरत्या विजेहून जास्त वीज ओढतात. ते सावरायला कपॅसिटर असतात. ओढलेल्या विजेतली किती कामी लागते ते दाखवणारा पॉवर फॅक्टरचा काटा घसरला की कपॅसिटर घालायचा, लोड उतरला की काढायचा. सगळं माझ्या हातात. बर्फ फोडायचं मशीन सुरू झालं की काट्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून मी स्विच ओढायचो. शेठ पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. छाती फुगायची — का नाही फुगणार?

मग विलास आला. खेडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मीच त्याला काम शिकवलं, मला दादा म्हणायचा. त्यानं वर्षभर खपून एक कार्ड बनवलं — तळहाताएवढी पाटी, तिच्यावर मुंबईहून आणलेल्या दोन-तीन चिप. ते आपलं आपणच कपॅसिटर घालणार, काढणार. शेठनी त्याला केबिनमध्ये खुर्ची दिली, चहा सांगितला. बारा वर्षांत मला त्या खुर्चीत कुणी बसवलं नव्हतं. कार्ड चाललं तर आणखी दोन कारखान्यांचं काम मिळवून देतो, असंही म्हणाले. मी जळलो. त्याला दुसरा शब्द नाही.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजामुळे होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून मशीन बंद ठेवून दुरुस्तीची कामं त्याच दिवशी व्हायची. विलास कार्ड बसवत होता. मुख्य केबलभोवती सीटीचं कडं असतं, ते करंटची खबर कार्डाला देतं — ते जोडायचं काम माझ्याकडे होतं. दोनच तारा. चुकलो, असं म्हणता आलं असतं. पण मी चुकलो नाही हो — जाणूनबुजून उलट्या जोडल्या.

शनिवारी होड्या बर्फाला लागल्या, मशीन सुरू झालं, आणि उलटी खबर मिळालेल्या कार्डानं नेमके हवे तेव्हा कपॅसिटर काढून टाकले. काटा घसरला, मेन स्विच ट्रिप होऊन कारखाना बंद पडला. धक्क्यावर बोंबाबोंब. शेठ सगळ्यांसमोर ओरडले, "काढ तुझं ते खेळणं!"

चार दिवस विलास कार्डावरचे सोल्डरचे टाके उसवून पुन्हा मारत होता. सीटी बघ की, कुणीतरी म्हणालं. तर हा म्हणतो, "दादांनी जोडलानी ना, मग ता काय बघायचा?" मी तिथेच उभा होतो. पक्कड पुसत होतो.

तो नोकरी सोडून मुंबईला निघाला, तेव्हा कार्ड माझ्याकडे देऊन गेला. "दादा, काय चुकला ता कळला तर कळवा."

पुढच्या शुक्रवारी मी तारा सुलट केल्या. शनिवारी शेठ नसताना कार्ड पुन्हा लावलं. का लावलं? बघायचं होतं. मशीन सुरू झालं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं — काटा जागचा हलला नाही. माझ्या हाताखाली तो इतका स्थिर कधीच राहिला नव्हता. मी कार्ड काढलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं.

महिन्याभरात त्याचं पोस्टकार्ड आलं. एका दुकानात पंखे दुरुस्त करत होता. कार्डाचं काही कळलं का, विचारलं होतं. मी लिहिलं — तपासलं, तुझी मांडणीच मुळात चुकीची आहे.

उलट टपाली त्यानं आभार मानले. तो नाद आता कायमचा सोडला, असं लिहिलं होतं.