कडुबामामांचा आकडा

लासूर स्टेशनच्या बैलबाजारात कडुबामामांनी उभ्या जन्मात भाव तोंडानं सांगितला नाही. दलालांची रीतच तशी. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची आणि चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. गरज दिसली की सौदा हातचा गेला. एवढ्या एका अकलेवर मामांनी संसार ओढला.

मग एका खोंडानं त्यांना गव्हाणीवर आपटलं. मांडीचं हाड मोडलं. पडेगावच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर विशाखा सिस्टरनी विचारलं, "बाबा, दहापैकी किती दुखतंय?"

मामांनी चादरीखालून हात पुढं केला.

"तुमचा हात द्या, ते बोटांवर सांगतील," सोबतीला थांबलेला भाचा म्हणून मी शरमून खुलासा केला. सिस्टरनी बिचाऱ्यांनी दिला. मामांनी त्यांची दोन बोटं दाबली.

दोन! घामानं उशी भिजलेली, दातांत उपरणं धरलेलं, आणि आकडा दोन. चतुरामामीनं कपाळावर हात मारला. "औषध घ्यायचंय ना, म्हून कमी सांगतेत. आज गिऱ्हाईक हायेत ते!" मला इतका संताप आला, की दुसरा पाय मीच मोडावा असं वाटलं.

दोनला साधी गोळी मिळाली. मामा तळमळत राहिले.

दुपारी अख्खा बाजार भेटीला आला. मामांचा जुना प्रतिस्पर्धी पुंजाराम सिस्टरना म्हणाला, "ते मॉर्फिन का काय, एकदमच टोचा की! ठोकात."

"जास्त झालं तर श्वास मंदावतो, काका. थोडं द्यायचं, श्वास आणि गुंगी बघायची, परत विचारायचं. लागलं तर अजून देता येतं. पण खरं तर सांगायला हवं ना यांनी!"

मामा कान देऊन ऐकत होते. असा सौदा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात पाय जरासा हलला आणि भरल्या वॉर्डात मामा ओरडले, "नऊ! नऊ हाय, सिस्टर!"

सगळे दलाल खाली बघू लागले. पुंजाराम सवयीनं बोलून गेला, "सातावर मिटवा सौदा."

सिस्टरनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मामांचा श्वास मोजला, सलाईनच्या नळीतून थोडं औषध सोडलं आणि म्हणाल्या, "नऊ तर नऊ. थोड्या वेळानं परत विचारते."

मामा ढसाढसा रडायला लागले. मी घाबरलो. "मामा, लई दुखतंय का अजून?"

"नाय रे," मामा म्हणाले, "माझा आकडा आज पह्यल्यांदाच कोन्ही पाडला नाय."