टाकीमागची वीस मिनिटं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात पत्रकाची प्रत तपासत होते. त्याला पाच आठवडे झाले. अजूनही त्यांचा रागच येतो, म्हणून लिहिते आहे.

मामा सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात मागावर होते. बारा तास खडखडाट. पाळी सुटली की बाकीचे रिक्षात दाटीवाटीनं बसून गप्पा मारत निघायचे. मामा कानातला कापूस तसाच ठेवून खाडीच्या कडेनं, लांबच्या वाटेनं चालत यायचे. आले की थेट गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, पालथ्या बादलीवर. वीस मिनिटं. मी आमच्या कामगार संघटनेच्या सभेचं काही विचारायला गेले, तर म्हणायचे, "थांब जराखं, पोरी. आजून डोकामा माग चालू शे." लग्नातही आहेर दिला, जेवले, की मंडपामागून पसार. नातेवाईक घुमा म्हणायचे. मी त्याहून वाईट म्हटलं.

गेल्या वर्षी मागाच्या पट्ट्यात एका कामगाराची बोटं गेली. पट्ट्यांना जाळी हवी म्हणून आम्ही सभा ठेवली आणि मी मामांना न विचारता पत्रकावर वक्ते म्हणून त्यांचं नाव छापलं. सगळे त्यांना मानायचे, मला तेवढंच दिसत होतं. ते आले, माइकसमोर "जाळी बसवा" एवढंच म्हणाले आणि उतरले. मी चिडून भर गल्लीत म्हटलं, "मामा, तुम्ही भित्रे आहात." त्या संध्याकाळी ते टाकीमागे दोन तास बसले...

आठवड्याभरात जाळ्या बसल्या. 'आमच्या सभेचा विजय' असं पत्रक मी लगेच काढलं.

दशक्रियेला त्यांच्या शेजारच्या मागावरचे प्रकाशभाऊ भेटले. सभेच्या दुसऱ्या दिवशी मामांनी आपले माग चालूच केले नव्हते म्हणे. त्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनीच बोलतात. मामांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं, मग हात बांधले. एकेक करत सगळे माग थांबले. शेठ धावत आले, "काका, चालू करो ने!" मामा तसेच उभे.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू पत्रक काढलं असतंस ना, बाई," प्रकाशभाऊ म्हणाले.

काढलं असतंच. आणि भित्रे म्हटलेलं मागे घ्यायची संधीही मिळाली असती. तीही या माणसानं दिली नाही.

बादली मामीनं अजून हलवलेली नाही. परवा फोन खाली घरात ठेवून मी त्या बादलीवर जाऊन बसले. सातव्या मिनिटाला वैतागून उठले. कसा बसायचा हा माणूस, कोण जाणे. जिन्यात मामी कपडे घेऊन उभी होती.

"इतलामाच उठनी?" ती म्हणाली.

मी परत जाऊन बसले.